मार्सेयची फेरी आणि अमरावतीची

(अमरावतीत बायकांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



प्रवासाबद्दल बोला असं मला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. परदेशवारीचं वर्णन म्हणजे काय ते आपण सगळ्यांनी हळदीकुंकवात ऐकलेलं आहे. विमानात काय खायला दिलं, तिकडचे रस्ते कसे चकचकीत, आणि शेवटी मुलाचा फ्रिज केवढा मोठा. तसलं मी सांगणार नाही. मला तीन तासांच्या एका पायी फेरीबद्दल बोलायचं आहे, आणि तिच्यामुळे आपण इथे अमरावतीत जी फेरी काढली तिच्याबद्दल. जुन्या मैत्रिणींना दुसरा भाग ठाऊक आहे. पण आज नव्या पुष्कळ जणी आल्या आहेत.

माझी भाची शिकायला मार्सेयला आहे. मार्सेय म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातलं मार्सेलिस, फ्रान्सच्या दक्षिणेचं भूमध्य समुद्रावरचं बंदर. नाव काढलं की मराठी माणसाला एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे उडी. 8 जुलै 1910 रोजी सावरकरांनी मोरिया बोटीतून इथल्या पाण्यात उडी घेतली आणि किनाऱ्यावर ते पुन्हा पकडले गेले. माझ्या डोक्यातही तेवढंच होतं. सव्वीसशे वर्षांचं शहर, आणि माझ्याजवळ त्यातली जेमतेम पाच मिनिटं!

तिकडे पायी फेरीची पद्धत आहे. हातात रंगीत छत्री घेतलेली एक वाटाडी पुढे, आणि मागून आपण पंधरा-वीस अनोळखी माणसं. आमची वाटाडी पंचविशीतली मुलगी होती. फेरी रेल्वे स्टेशनपासून सुरू झाली. सां शार्ल हे स्टेशन टेकाडावर आहे, आणि तिथून गावात उतरायला 104 दगडी पायऱ्यांचा भव्य जिना आहे. माझ्या गुडघ्यांनी त्या नीट मोजल्या. खाली जिन्याच्या दोन बाजूंना दोन मोठे पुतळे आहेत, दोन्ही आडव्या पहुडलेल्या बायकांचे. मी विचारलं, या कोण? ती म्हणाली, "एक आफ्रिकेतल्या वसाहती आणि दुसरी आशियातल्या." म्हणजे दुसरी मीच की! मी बराच वेळ तिच्यासमोर उभी राहिले. मुलूख जिंकायचा, आणि त्याचा पुतळा करायचा तर बाईचा, तोही आडवा. बोटींतून माल उतरवणारे, कारखान्यांत खपणारे लोक त्याच वसाहतींमधून आले होते. ते त्या दगडात कुठे नाहीत. या जिन्याचं उद्घाटन 1927 साली झालं. हे साल लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

तिथून आम्ही जुन्या बंदरावर गेलो. तीन बाजूंनी गाव आणि मधे पाणी. सकाळी धक्क्यावर मासे विकायला बसतात, त्यात बायका आहेतच. मासे कळत नसले तरी भाव करणाऱ्या बाईचा आवाज कुठल्याही भाषेत कळतो. आपल्या इतवाऱ्यात बसवा त्यांना, तासाभरात रुळतील.

धक्क्यावर उभं राहून वाटाडीने गावाच्या जन्माची गोष्ट सांगितली. इसवी सनापूर्वी 600 च्या सुमाराला आशिया मायनरमधल्या फोसिया गावचे ग्रीक खलाशी इथे आले. त्या दिवशी इथल्या टोळीच्या राजाकडे मुलीचं लग्न ठरायचं होतं. रीत अशी की जेवणावळीत मुलगी ज्याच्या हाती पेला देईल तो तिचा नवरा. जिप्टिस नावाच्या त्या मुलीने सगळे जातवाले सोडून परक्या खलाशाच्या, प्रोटिसच्या हाती पेला दिला. राजाने त्यांना जमीन दिली आणि त्यावर हे गाव वसलं. गोष्ट आहे, इतिहास नव्हे, हे वाटाडीने आवर्जून सांगितलं. तरी मला गंमत वाटली ती तिच्या पुढच्या वाक्याची. ती म्हणाली, "म्हणून आम्ही म्हणतो, हे गाव ग्रीकांनी वसवलं." मी भाचीला म्हटलं, अगं, निवड केली तिने, जमीन तिच्या बापाची, आणि गाव वसवलं ग्रीकांनी?

मग बंदरामागच्या चढावरची पानिये ही जुनी वस्ती. अरुंद बोळ, दोरीवर वाळणारे कपडे. 1943 च्या सुरुवातीला नाझी सैन्याने फ्रेंच पोलिसांना हाताशी धरून बंदरालगतचा जुना भाग रिकामा करवला, हजारो माणसं बाहेर काढली, शेकडो ज्यूंना छळछावण्यांकडे पाठवलं आणि सुमारे 1500 इमारती सुरुंग लावून उडवल्या. चढावर एक देखणी कमानींची वास्तू उभी आहे, व्हिएय शारिते. आता तिथे संग्रहालयं आहेत. सतराव्या शतकात ती बांधली ती गावात फिरणाऱ्या निराधारांना, भिकाऱ्यांना आणून कोंडण्यासाठी. कामाशिवाय रस्त्यावर दिसणाऱ्या गरिबाला आत टाकायचं, त्याला म्हणायचं दया. सगळे फोटो काढत होते, मीही काढला. पण बाहेर पडल्यावर माझ्या डोक्यात तेच फिरत राहिलं. कामाशिवाय रस्त्यावर दिसणं.

फेरी संपल्यावर भाची लायब्ररीत गेली आणि मी बंदरावरच्या बाकावर बसले. दोन तास. मी आयुष्यात पहिल्यांदा सार्वजनिक जागी कशाचीही वाट न पाहता बसले होते. बस नव्हती, डॉक्टरचा नंबर नव्हता, शाळा सुटायची नव्हती. पहिली वीस मिनिटं मी पर्स मांडीवर घट्ट धरून होते, जणू कुणी येऊन विचारणारच, "बाई, काय काम आहे?" कुणी आलं नाही.

आता यावरून तिकडे बायकांचं सगळं आलबेल आहे असं समजू नका. त्याच रात्री भाचीबरोबर घरी परतताना मी पाहिलं, एका गल्लीत शिरताना तिने किल्ल्यांचा जुडगा मुठीत घेतला आणि एक किल्ली बोटांमधून बाहेर काढली. मी काही बोलले नाही. तीही बोलली नाही.

उडीच्या गोष्टीतलं एक पात्र मला तिथे पुन्हा भेटलं, भिकाजी कामा. सावरकरांना सोडवायला त्या मार्सेयला निघाल्या होत्या आणि पोचायला थोडा उशीर झाला, एवढ्या एका वाक्यात त्या आपल्या पुस्तकांतून येतात आणि जातात. 1907 मध्ये स्टुटगार्टला झेंडा फडकवणारी बाई ती हीच. आणि त्याच 1910 साली इजिप्तच्या राष्ट्रवाद्यांच्या सभेत त्यांनी विचारलं होतं की इथे मला अर्धाच इजिप्त दिसतो, उरलेला अर्धा कुठे आहे? हे मला कुठल्याच शाळेत शिकवलं नाही. मी स्वतः तीस वर्षं शिकवलं, मीही शिकवलं नाही.

परत आले आणि आपल्या बैठकीत हे सांगितलं. तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, "ताई, तुम्ही मार्सेय पाहून आल्या. मी एकतीस वर्षं परकोटाच्या आत नांदते, मी परकोट पाह्यला नाही." तिथून आपली फेरी ठरली.

रविवारी सकाळी सात वाजता जवाहर गेटपाशी सतरा जणी जमलो. भाजीवाल्या मावशीने लगेच विचारलं, "काऊन वं माय, मोर्चा हाय का?" नाही म्हटलं तर म्हणे, "मंग मयत हाय का?" देवीला निघालो असतो तर तिला उत्तर मिळालं असतं. नुसतं गाव पाहायला निघालोत हे तिला पटेना. पुरुष कोपऱ्यावर उभा राहिला तर तो उभा आहे. बाई फिरली तर तिच्यासाठी शब्द तयार आहे, भटकभवानी. त्याचं पुल्लिंगी रूप कुणाला माहीत असेल तर सांगा.

परकोटाची भिंत निजामाच्या अमदानीत 1807 पासून बांधली गेली, पेंढाऱ्यांपासून इथल्या सावकार-व्यापाऱ्यांचा पैसा राखायला. घेर सव्वादोन मैल, उंची वीस ते सव्वीस फूट, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. एका खिडकीचं नाव खुनारी, कारण 1818 मध्ये तिच्याजवळच्या लढाईत सातशे माणसं मेली असं गॅझेटियर सांगतं. वऱ्हाडच्या कापसाने गबर झालेलं हे गाव. 1842 साली एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्याकडे पाठवला, हेही नोंदलेलं आहे. तो कापूस वेचला कुणी, याची नोंद नाही. ती आमच्यातल्या दोघींनी दिली. त्यांच्या आया आणि आज्या, ओटीत कापूस, बोटांना बोंडाचे ओरखडे, आणि मजुरी वजनावर.

मग अंबादेवी. आख्यायिका अशी की कौंडिण्यपूरची रुक्मिणी देवीच्या पूजेला इथे आली आणि इथूनच कृष्णाने तिला नेलं. इतर गावंही हा मान सांगतात, तो वाद सोडू. पण कथेत काय आहे? भावाने शिशुपाल ठरवला होता, रुक्मिणीने स्वतः पत्र लिहून कृष्णाला बोलावलं, कधी आणि कुठे यायचं तेही कळवलं. बेत सगळा तिचा. आणि आपण पिढ्यान् पिढ्या म्हणतो रुक्मिणीहरण! देवळासमोर उभं राहून मी जिप्टिसची गोष्ट सांगितली तेव्हा सतरा जणी एकदम हसल्या, आणि मग एक जण रडायला लागली. तिच्या मुलीने स्वतः पत्र लिहिलं होतं. त्या मुलीला दीड वर्ष माहेरचं दार बंद होतं. आईनेच लावलेलं. आम्ही तिथे पायरीवर अर्धा तास बसलो. फेरीचं वेळापत्रक गेलं.

आता ते 1927 साल. मार्सेयला वसाहतींच्या पुतळ्यांचा जिना उघडला त्याच वर्षी, 13 नोव्हेंबरला, इथे अमरावतीत इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. विषय होता अस्पृश्यांना याच अंबादेवीच्या देवळात प्रवेश. पंजाबराव देशमुख त्या लढ्यात होते. सत्याग्रह तेव्हा तीन महिन्यांसाठी पुढे ढकलला गेला. पुढच्याच महिन्यात महाडला बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले. आमच्यातल्या भीमनगरच्या काकू म्हणाल्या, "माझ्या सासूला हे देऊळ बाहेरून ठाऊक होतं." बस, एवढंच. मग त्या आधी आत गेल्या आणि आम्ही मागून.

डफरीनपाशी थांबलो. जिल्हा स्त्री रुग्णालय म्हटलं तर रिक्षावाला क्षणभर विचार करतो, डफरीन म्हटलं की लगेच कळतं. लेडी डफरीनने 1885 मध्ये बायकांसाठी बायकांनी डॉक्टरकी करावी म्हणून निधी सुरू केला, त्यातून हे नाव देशभर पसरलं. आमच्यातल्या अकरा जणींची बाळंतपणं इथलीच. शहरात स्वतःहून कुठली जागा माहीत आहे असं विचारलं तर बहुतेकींनी हीच सांगितली. कुसुमावती देशपांडे, साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष, 1904 साली याच गावात जन्मल्या. कुठल्या घरात, ते आमच्यापैकी एकीलाही सांगता आलं नाही. हे शोधायचं काम दोघींनी घेतलं आहे.

आणि एक साधी गोष्ट. फेरीनंतर चहा घेताना कळलं की सतरापैकी नऊ जणी सकाळपासून पाणी न पिता आल्या होत्या. मुद्दाम. सगळ्या वाटेवर बायकांसाठी एकच मुतारी दिसली, तिला कुलूप होतं. किल्ली कुणाकडे ते शेजारच्या पानठेल्यालाही माहीत नव्हतं. अर्ज दिला आहे. पोच घेतली आहे. तिसऱ्यांदा विचारायला गेलो तेव्हा टेबलामागच्या माणसाने विचारलं, "पण तुम्ही तिकडे कशाला गेल्या होत्या?" मी म्हटलं, "पाहायला." त्याने अर्जावर तसं लिहून घेतलं.

पुढची फेरी येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, खोलापुरी गेटपासून. सकाळी सात. पायात जुनी चप्पल घाला, नवी चावते. पाणी पिऊन या. त्या कुलपापाशी आपण सगळ्या थांबणार आहोत, जितका वेळ लागेल तितका. आणि त्या मैत्रिणीची मुलगी या खेपेला येणार आहे, आईबरोबर.