सोयरिकीच्या बैठकीतला एक प्रश्न

गोंदिया जिल्ह्यात कुटुंबाच्या आरोग्याचा सर्वांत मोठा निर्णय दवाखान्यात होत नाही. तो सोयरिकीच्या बैठकीत होतो आणि तिथे पहिला शब्द धर्माचा असतो. गोंड घरांत 'किती देवांचे?' हे आधी विचारतात. देवसंख्या सारखी निघाली तर मुलगा-मुलगी भाऊबहीण ठरतात, बोलणी तिथेच थांबतात. इतर समाजांत गोत्र, कुंडली पाहतात. एवढी चौकशी होते, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मात्र राहून जाते.

हा आजार पूर्व विदर्भात गोंड, बौद्ध आणि इतरही समाजांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. आईवडील दोघेही वाहक असतील तर दर गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक स्वतः धडधाकट असतो, म्हणून त्याला पत्ताच नसतो.

माझी नोकरी याच भागात, जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा होण्याआधीपासून झाली आणि तिच्यातली एक सल अजून जात नाही. एका जत्रेत सिकलसेल तपासणीचा तंबू गर्दीपासून लांब लागला होता. फलकांवर जड सरकारी मराठी. दुपारपर्यंत कोणी फिरकले नाही. अखेर एका म्हाताऱ्या भूमकाने, म्हणजे गोंडांच्या पुजाऱ्याने, बोट पुढे केले. थेंब द्रावणात पडला, नळी गढूळ झाली, मागच्या कागदावरच्या काळ्या रेषा दिसेनाशा झाल्या; रक्तात सिकलसेलची खूण निघाली. म्हाताऱ्याने ती नळी चारचौघांना दाखवली आणि आपली नातवंडे रांगेत उभी केली. संध्याकाळी बाटल्यांतले द्रावण संपले. वर गेलेल्या अहवालात 'उत्तम प्रतिसाद' आला, भूमका आला नाही. वैद्यकीय पेशाने भूमका, भंते, कीर्तनकार यांना एक तर अडाणी ठरवले, नाही तर फोटोपुरते बोलावले.

धर्माने अपायही केला आहे. साप चावलेल्याला आधी मांत्रिकाकडे नेतात. उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा होती, आणि ती पाळणाऱ्या घरात मजुरीचा पैसा चुलीपर्यंत पोचला. तुकडोजी महाराजांच्या 'ग्रामगीते'ने गावसफाईला उपासनेचा मान दिला.

म्हणून आग्रह एकच आहे, आणि तो पुन्हा पुन्हा धरावा लागेल: माघ पौर्णिमेला कचारगडला, महाशिवरात्रीला प्रतापगडला लोक जमतात, तिथे तंबू देवळाच्या वाटेवरच लागावा आणि लग्नाची तिथी काढणाऱ्याने दोन्हीकडचा रक्ताचा अहवाल आधी मागावा. देवसंख्या विचारणाऱ्या समाजाला हा प्रश्न जड नाही. मात्र वाहक मुलीला नाकारण्यासाठी अहवाल वापरला जाता कामा नये. हिमोग्लोबिनचा कुठलाच दोष नसलेल्या जोडीदाराशी तिचे लग्न झाले तर सिकलसेलचे आजारी मूल होत नाही. दोघेही वाहक असून लग्न होऊन गेले असेल, तर गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच गर्भाची तपासणी करता येते.