चेंबरमध्ये उतरण्याआधीची क्वार्टर



माझे अण्णा ठेकेदाराकडे गटारसफाईला जायचे. चेंबरमध्ये उतरण्याआधी क्वार्टर मारायचे. शुद्धीत त्या वासात उतरवत नाही, म्हणायचे. बीएला असताना मी त्यांना ऐकवलं होतं, "घरात बाबासाहेबांचा फोटो आणि तुम्ही असे!" ते काहीच बोलले नाहीत. तुमच्यापैकीही काहींनी घरात कुणाला तरी असं ऐकवलं असेल.

पीएचडीसाठी व्यसनावरचं संशोधन वाचायला घेतलं आणि ते वाक्य मला टोचायला लागलं. ली रॉबिन्स या अमेरिकी संशोधिकेनं १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या सैनिकांचा अभ्यास केला. तिथं सुमारे २० टक्के सैनिक हेरॉइन, अफूच्या आहारी गेले होते. घरी आल्यावर पहिल्या दहा महिन्यांत त्यांच्यातले फक्त ५ टक्के पुन्हा व्यसनात सापडले, तीन वर्षांत १२ टक्के. माणसं तीच होती. जागा बदलली होती, भीती संपली होती, माल तितका सहज हाताशी नव्हता.

यावरून कुणी 'काम बदललं की दारू आपोआप सुटते' असं घरी सांगू नका. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम तोडली तर झटके येतात, जीवही जाऊ शकतो. डॉक्टर लागतोच. आणि तोच मिळत नाही. एम्सनं २०१९ मध्ये दिलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या अहवालानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकाला काहीतरी उपचार मिळाले होते.

हे सर्वेक्षण सामाजिक न्याय मंत्रालयाचं. साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला बंदी घालणारा २०१३ चा कायदाही त्याच मंत्रालयाकडे. पण व्यसनमुक्तीच्या पोस्टरवर मी चेंबरचं झाकण कधी पाहिलं नाही. तिथं असतो एक वाया गेलेला बाप, आणि रडणारी बायको. एका सेमिनारमध्ये तर एकजण मला सहज म्हणाला, "त्या वस्त्यांमध्ये कल्चरच आहे ना ते." संध्याकाळी तोच सगळ्यांना बिअर प्यायला बोलावत होता. त्याच्या पिण्याला कल्चर म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

सैनिक घरी परतला. अण्णा दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच चेंबरमध्ये.

आता ते काम सुटून चार वर्षं झाली. दारू कमी झाली आहे, सुटलेली नाही. मागच्या १४ एप्रिलला मी पहिल्यांदाच त्यांना विचारलं, सुरुवात कशी झाली? म्हणाले, पहिल्या दिवशी मुकादमानंच पाजली. पैसे हजेरीतून कापले.