रविवारची सुटी कोणी मागितली?

(श्रमिक क्षेत्रात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

भारतातील कामगार चळवळीचा इतिहास सांगावयास आरंभ झाला की बहुतेक अभ्यासक इ.स. १९२० या वर्षापाशी येऊन थांबतात. त्या वर्षी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली आयटकची स्थापना झाली आणि तेथूनच या देशातील श्रमिक जागा झाला, असे मानण्याचा प्रघात आहे. काही मंडळी याहून मागे जातात. पण ती परळला न जाता थेट शिकागोला जातात. १८८६च्या मे महिन्यात तेथे सांडलेल्या श्रमिकांच्या रक्ताविषयी संपूर्ण आदर बाळगूनही एक प्रश्न विचारावाच लागतो. शिकागोच्या दोन वर्षे आधी, सप्टेंबर १८८४ मध्ये, मुंबईच्या परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा भरल्या, त्यांनी एकमुखाने मागण्या मांडल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सिद्ध केले. त्या इतिहासाचे काय? तो कोणी पुसला असे नाही. तो वाचण्याची तसदीच कोणी घेतली नाही.

या सभांचे सूत्रधार होते नारायण मेघाजी लोखंडे. त्यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. बेताचेच शिक्षण, त्यानंतर रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी आणि पुढे मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपरचे काम, असा त्यांचा प्रारंभीचा प्रवास. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा संस्कार त्यांच्यावर झालेला होता. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात १८७७ साली सुरू केलेले ‘दीनबंधू’ हे पत्र अडचणीत आले तेव्हा १८८० साली लोखंड्यांनी ते मुंबईत चालविण्यास घेतले. गिरणीतील कामगाराचे जिणे त्यांनी ग्रंथांतून जाणून घेतले नव्हते. स्टोअरकीपरच्या मेजामागून ते रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होते. ज्यांच्यामध्ये संघटन उभे करावयाचे त्यांच्यातच दिवस काढणे, ही कार्यकर्त्याच्या घडणीतील पहिली पायरी लोखंडे अशी सहज चढून गेले.

तो काळ कसा होता? गिरणीचा दिवस सूर्याबरोबर उगवे आणि सूर्याबरोबरच मावळे. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांचा होई. आठवड्याच्या सुटीची निश्चित व्यवस्था नव्हती. यंत्रे साफ करण्यासाठी गिरणी बंद राहिली तर तो दिवसही कामगाराचा नसे, कारण साफसफाई त्यालाच करावी लागे. खाडा झाला की पगार कापला जाई, बारीकसारीक चुकांसाठी दंड होई आणि केलेल्या कामाचा पगार पुढच्या महिन्यात केव्हातरी हाती पडे. तोवर घर चालावयाचे ते सावकाराच्या कृपेने. रत्नागिरी, सातारा, पुणे या भागांतून आलेल्या या माणसांना नोकरीवर ठेवणारा आणि काढणारा असे तो जॉबर. त्याची मर्जी गेली की चूल विझलीच! १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला खरा, पण त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. प्रौढ कामगारांसाठी त्यात काहीच नव्हते.

अशा परिस्थितीत लोखंड्यांनी १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली. निवेदनातील मागण्या आज वाचल्या तर त्यांच्या साधेपणाने मन चकित होते. रविवारी पूर्ण सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. काम करताना जखमी झालेल्यास बरा होईतोवर वेतन आणि कायमचा जायबंदी झाल्यास निर्वाहाची सोय मिळावी. यात कोणाचा विध्वंस करण्याची भाषा नाही. गिरणी बंद पडावी अशी इच्छा तर मुळीच नाही. गिरणी चालावी, पण ती चालविणारा माणूसही जगावा, एवढेच मागणे होते.

साडेपाच हजार हा आकडा चटकन वाचून पुढे जाण्यासारखा नाही. बहुसंख्य कामगार निरक्षर होते, जॉबरची नजर सर्वत्र होती आणि ज्याचे नाव कागदावर उतरले त्याला उद्याच्या भाकरीची शाश्वती नव्हती. ध्वनिक्षेपक नाही, वर्गणीचा निधी नाही, वेतनावरचा कार्यकर्ता नाही. अशा वेळी इतक्या माणसांनी आपले नाव दिले, याचा अर्थ तितक्या माणसांशी कोणीतरी प्रत्यक्ष बोलले होते आणि त्यांचा विश्वास संपादन केला होता.

देशहित आणि श्रमिकहित

येथे एका अवघड प्रश्नाला सामोरे जाणे भाग आहे. मुंबईच्या गिरण्या हा एतद्देशीय उद्योग होता. कावसजी दावरांनी १८५४ साली त्याचा पाया घातला आणि हिंदी भांडवलावर तो वाढला. लँकेशायरच्या कापड गिरणीवाल्यांना ही स्पर्धा सलत होती आणि हिंदुस्थानातील गिरण्यांना कायद्याने जखडावे म्हणून ते विलायतेत आवाज उठवीत होते. त्यांचा कळवळा कामगाराविषयीचा नव्हता, स्वतःच्या धंद्याविषयीचा होता. साहजिकच तत्कालीन राष्ट्रीय वृत्तपत्रांनी, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनीही, कारखाना कायद्याकडे संशयाने पाहिले. तो संशय निराधार नव्हता.

परंतु संशय खरा असला म्हणून कामगाराचे दुःख खोटे ठरत नाही. लँकेशायरवाला स्वार्थापोटी म्हणतो की कामगाराला विश्रांती हवी, तेव्हा ‘हे परकीयांचे कारस्थान आहे’ असे म्हणून थांबावयाचे, की ‘हे आमचे बंधू आहेत, त्यांची चिंता परक्याने करण्याआधी आम्हीच करू’ असे म्हणावयाचे? लोखंड्यांनी दुसरा मार्ग धरला. परळच्या सभांनी मागणीला कामगाराचा स्वतःचा आवाज मिळवून दिला, त्यामुळे ती विलायतेची मागणी राहिली नाही. राष्ट्रीय विचाराच्या धुरीणांनी त्या वेळी या आवाजाला अधिक जवळ केले असते तर गिरणगावाच्या पुढच्या इतिहासाला कदाचित वेगळे वळण मिळाले असते. जी जागा राष्ट्रवादी मोकळी ठेवतात ती वर्गसंघर्षवाले भरून काढतात. गिरणगावात तेच झाले.

या दोन प्रवाहांत केवळ वैर होते असे मात्र कोणी समजू नये. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांच्यावर खटला झाला, तेव्हा जामीन देण्यास पुढे आले ते फुल्यांचे सत्यशोधक स्नेही रामशेठ उरवणे. मतभेद होते, पण अंतःकरणाची दारे बंद झालेली नव्हती.

१८८४च्या निवेदनाला लगेच यश आले नाही. पाच वर्षे गेली आणि मागण्या तशाच राहिल्या. अखेर २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. १८९० साली, गिरणीत राबणाऱ्या दोन स्त्रिया, दहा हजारांच्या समुदायापुढे! स्त्रीमुक्तीचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही या घटनेची पुरेशी नोंद घेतलेली दिसत नाही. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १० जून १८९० रोजी, गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगाच्या कामात लोखंड्यांचा सहभाग होता आणि १८९१च्या कायद्यात साप्ताहिक सुटीला स्थान मिळाले.

सुटी रविवारचीच का, याविषयी महाराष्ट्रात एक गोष्ट सांगितली जाते. रविवार हा खंडोबाचा वार, बहुजन समाजाच्या कुलदैवताचा दिवस. सहा दिवस मालकासाठी राबल्यावर सातवा दिवस देवासाठी, घरासाठी आणि समाजाच्या कामासाठी मिळावा, अशी लोखंड्यांची भूमिका होती असे सांगतात. इंग्रजांचा चर्चचा दिवस आणि जेजुरीच्या मल्हारीचा वार एकच निघाला, हा योगायोग कामगाराच्या पथ्यावर पडला. रविवार इंग्रजांनी दिला असे जे सरसकट बोलले जाते, त्यात दहा हजार कामगारांच्या त्या सभेचा उल्लेखही नसतो.

लोखंड्यांनी कामगाराला केवळ पगारदार म्हणून पाहिले नाही. विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार नाभिक बांधवांनी करावा म्हणून त्यांनी १८९० साली त्यांची सभा घडवून आणली. रूढी बदलण्यासाठी वस्तरा हाती असणाऱ्यालाच साद घालण्याची ही कल्पना विलक्षण म्हटली पाहिजे. १८९३ साली मुंबईत दंगल उसळली तेव्हा कामगार वस्त्यांत शांतता राखण्यासाठी ते झटले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसे शहर सोडून पळत असताना लोखंडे रुग्णांसाठी इस्पितळ उभारण्याच्या खटाटोपात होते. त्याच साथीने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

व्यक्ती गेली, संघटना?

गौरव करताना एक उणीवही सांगितली पाहिजे, कारण कार्यकर्त्याच्या उपयोगाची गोष्ट तिच्यातच आहे. या असोसिएशनला सभासदांची नोंदवही नव्हती, निधी नव्हता, लिखित नियम नव्हते. सरकारी अहवालाने तसा शेरा मारला तो कुत्सितपणे असेल, पण खोटा नव्हता. लोखंडे हीच संघटना होती. ते गेले आणि असोसिएशन विरून गेली. एका थोर माणसाभोवती गोळा झालेला समुदाय आणि त्या माणसानंतरही चालणारे संघटन यांतील अंतर गिरणगावाला पुन्हा एकदा, फार मोठी किंमत देऊन, कळावयाचे होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच मान्यताप्राप्त संघटनेला प्रतिनिधित्व दिले होते. कामगाराला मात्र ती नको होती आणि आपली संघटना निवडण्यासाठी त्याला गुप्त मतदानाचा मार्गही नव्हता. ती कोंडी फुटली ती एका नेत्यावरील अथांग श्रद्धेच्या रूपाने. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्यांच्या जमिनींचे पुढे काय झाले ते लालबाग-परळच्या आकाशरेषेकडे पाहिले की दिसते.

दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भोपाळ येथे भारतीय मजदूर संघाची स्थापना केली तेव्हा त्यांच्यापाशी एकही संघटना नव्हती, एकही सभासद नव्हता. राष्ट्राचे औद्योगिकीकरण, उद्योगांचे श्रमिकीकरण आणि श्रमिकांचे राष्ट्रीयीकरण या त्रिसूत्रीत त्यांनी देशहित आणि श्रमिकहित एकत्र गुंफले. १९८९ सालच्या सभासदसंख्येच्या सरकारी पडताळणीत भा.म. संघ देशात प्रथम क्रमांकावर आला. हा पल्ला गाठला तो नोंदवही, वर्गणी आणि नियमित बैठक या नीरस वाटणाऱ्या साधनांनी. सरकार कोणाचे आहे हे पाहून श्रमिकांची बाजू ठरवावयाची नाही, हेही ठेंगडींनी कृतीने दाखविले. एप्रिल २००१ मध्ये विचारांनी जवळचे सरकार केंद्रात असताना त्याच्या आर्थिक व श्रमविषयक धोरणांविरुद्ध दिल्लीच्या रामलीला मैदानावर मजदूर संघाचा प्रचंड मेळावा झाला. मित्रांच्या सरकारविरुद्ध मैदानात उतरणे सोपे नसते.

तशी वेळ आज पुन्हा आली आहे. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील दैनंदिन कामाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्यास मान्यता दिली. केंद्राच्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांतील वेतन व सामाजिक सुरक्षा यांविषयीच्या संहितांचे मजदूर संघाने स्वागत केले आणि उरलेल्या दोन्हींत बदल मागितले. गुंतवणूक यावी, कारखाने उभे राहावेत, यात दुमत नाही. परंतु १८८४ साली लँकेशायरच्या भीतीने जे सांगितले जात होते, तेच आता गुंतवणूक अन्यत्र जाईल या भीतीने सांगितले जात आहे का, हे तपासण्याचा अधिकार श्रमिक संघटनेने सोडता कामा नये.

जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असे राज्य सरकारने म्हटले आहे. कागदावर ही तरतूद चांगली आहे. पण कायम कामगार मूठभर आणि बाकी सारे कंत्राटी, अशी स्थिती औद्योगिक वसाहतींतून सर्रास दिसते. कंत्राटदाराचा मुकादम रुजू होण्याच्या दिवशीच दहा कागदांवर सह्या घेतो. दहांतील कोणता कागद संमतीचा, हे सही करणाऱ्याला ठाऊक नसते आणि विचारले तर दुसऱ्या दिवशी फाटकातून आत सोडले जात नाही. जॉबर गेला, पण त्याची खुर्ची रिकामी राहिलेली नाही. परळच्या कामगारांनी सही केली तेव्हा आपण काय मागतो आहोत हे त्यांना माहीत होते. प्रत्येक वसाहतीत, पाळी सुटण्याच्या वेळी, फाटकाबाहेर बसून तो संमतीचा कागद मराठीत आणि हिंदीत मोठ्याने वाचून दाखविणारा एक तरी कार्यकर्ता हवा. त्याच्याजवळ सभासदांची नोंदवही असावी आणि तो दर आठवड्याला त्याच ठिकाणी भेटावा. या अभ्यासवर्गाला आलेल्यांपैकी किती जण आपल्या वसाहतीत हे काम स्वीकारणार, त्याची यादी आज सायंकाळच्या गटबैठकांत करावयाची आहे.