पुरानी हवेली : राजघराण्याचे घर आणि प्रजेचे नजराणे



हिमायतनगर हे नाव नांदेड जिल्ह्यातील मंडळींना नवे नाही. वाढोणा या गावाचे ते दुसरे नाव होय. हैदराबाद शहरातील हिमायतनगर मात्र मुसी नदीच्या उत्तरेस वसलेले असून, सातव्या निजामाचे ज्येष्ठ पुत्र हिमायत अली खान यांच्या नावावरून ते ओळखले जाते. मराठवाड्यातून आप्तेष्टांकडे आलेला पाहुणा येथे उतरतो आणि दुसऱ्या दिवशी चारमिनार पाहावयास निघतो. वाटेत किंग कोठी लागते. १९६७ साली निधन होईपर्यंत मीर उस्मान अली खान तेथेच राहात असत; त्या आवाराच्या एका भागात पुढे सरकारी रुग्णालय झाले. नया पूल ओलांडून थोडी वाट वाकडी केली की पुरानी हवेली येते. ही वाट अवश्य वाकडी करावी.

दुसऱ्या निजामाने ही वास्तू आपल्या पुत्रासाठी, सिकंदर जाह याच्यासाठी घेतली. सिकंदर जाह पुढे खिलवत महालात राहावयास गेला आणि मागे राहिलेले घर ‘पुरानी’ ठरले. मधली इमारत युरोपीय धाटणीची आहे; तिच्या दोन्ही अंगांना लांबच लांब पाखे पसरलेले आहेत. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचा जन्म येथेच १८६६ साली झाला. १८६९ मध्ये पित्याचे छत्र हरपले तेव्हा गादीवर बसलेला हा राजा पुरता तीन वर्षांचाही नव्हता. राज्यकारभार सालारजंग आदी कारभाऱ्यांनी पाहिला आणि १८८४ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते राज्याधिकार त्यांच्या स्वाधीन झाले. तो काळ व्हिक्टोरिया राणीचा. राजेरजवाड्यांनी विलायती पद्धतीने राहावे, विलायती पोशाख करावा, अशी ती हवा होती.

त्या हवेचा पुरावा म्हणजे येथील कपड्यांचे दालन. हवेलीच्या एका पाखाची संपूर्ण लांबी व्यापणारी ही कपाटांची रांग दोन मजली आहे आणि वर जाण्यासाठी हाताने फिरवावयाचा लाकडी पाळणा आहे. राजा एकदा अंगावर घातलेला पोशाख पुन्हा घालीत नसे, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, एका माणसाच्या वस्त्रांसाठी एवढी जागा लागली ही गोष्ट समोर उभी आहे. परंतु याच राजाचे नाव घेतल्यास सर्पदंश उतरतो, अशी भाबडी श्रद्धाही लोकांत होती. (सर्पदंश झालेल्या माणसाला आज तत्काळ रुग्णालयातच न्यावे, हे ओघाने सांगितलेले बरे.) १९०८ च्या सप्टेंबरात मुसीला महापूर आला, त्या आपत्तीतील त्यांच्या वर्तनाची आठवणही शहराने आदराने जपली. केवळ कपाटे पाहून माणसाची पारख करू नये ती याकरिता.

१९७१ मध्ये ही हवेली शैक्षणिक न्यासाकडे आली आणि २००० साली येथे निजाम संग्रहालय खुले झाले. त्यातील मुख्य संग्रह सातव्या निजामाच्या रौप्यमहोत्सवाचा आहे. १९३७ मध्ये झालेल्या त्या समारंभात मानपत्रांच्या मंजूषा, इमारतींच्या चांदीच्या प्रतिकृती, रत्नजडित पात्रे असे नजराणे अर्पण झाले.

येथे मराठवाड्याच्या प्रेक्षकाने अंमळ थांबावे. हे नजराणे देणाऱ्यांपाशी धन कोठून आले, हे वस्तू सांगत नाही. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे त्या राज्यात होते. ‘सर्फेखास’ म्हणून राखलेल्या मुलखाचे उत्पन्न तर थेट निजामाच्या खासगीत जमा होई. आजच्या धाराशिव जिल्ह्यातही अशी गावे होती. १९४९ मध्ये सर्फेखास सरकारात विलीन झाला. याच राजवटीत उस्मानिया विद्यापीठ आणि निजामसागर झाले, हेही विसरू नये. पण महोत्सवानंतर दुसऱ्याच वर्षी, १९३८ मध्ये, ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांवर कारवाई झाली आणि त्यांपैकी अनेकांना शिक्षण पुरे करण्यासाठी नागपूर विद्यापीठ गाठावे लागले. चांदीच्या मंजूषेपाशी उभे राहून शिक्षकांनी मुलांना ही हकीकत सांगितली नाही, तर सहलीचे निम्मे भाडे वाया गेले असे समजावे.

सप्टेंबर २०१८ मध्ये याच संग्रहालयातून रत्नजडित सोन्याचा जेवणाचा डबा, पेला, बशी व चमचा चोरीस गेला. चोर झरोक्यातून दोर सोडून उतरले होते. काही दिवसांतच पोलिसांनी वस्तू हस्तगत केल्या आणि एक चोर त्या डब्यात जेवत असे, असे सांगितले. लोक हसले. परंतु अशा वस्तूची मोड झाली असती तर सोने उरले असते, १९३७ सालची साक्ष उरली नसती.

खेड्यात हीच मोड गुपचूप होते. नांगराच्या फाळाला नाण्यांची घागर लागते आणि सराफाकडे जाते. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. तलाठी व ग्रामसेवकांनी ही तरतूद ग्रामसभेत वाचून दाखवावी. सापडलेली नाणी घासूनपुसून चकचकीत करू नयेत, ती कोणत्या शेतात व किती खोलीवर मिळाली याची नोंद त्याच दिवशी करावी.