वाचणारा एक, अर्थ सांगणारा दुसरा

इंडोनेशियात बालीच्या पूर्वेला, सामुद्रधुनीपलीकडे लोंबोक नावाचं बेट आहे. तिथले बहुतेक लोक सासाक समाजाचे, धर्माने मुसलमान. सुंता, लग्न अशा घरच्या कार्याला ताडपत्रावरची पोथी वाचायची त्यांची जुनी रीत आहे. तिला पेपाओसान म्हणतात.

या पोथ्यांची भाषा जुनी, जावाकडून आलेली. घरात सासाक बोलणाऱ्याला ती नुसती ऐकून कळत नाही. म्हणून एक जण सिनोम, पांगकूर, दुर्मा अशा ठरलेल्या वृत्तांच्या चालीवर ओळी गातो आणि दुसरा, ज्याला पुजांग्गा म्हणतात, त्यांचा अर्थ सासाकमध्ये सांगतो. मग पुढच्या ओळी. गळा कितीही गोड असो, अर्थ सांगून होईपर्यंत गाणाऱ्याला थांबावंच लागतं. मला हे थांबणं फार मोलाचं वाटतं. शिकवणं ऐकणाऱ्याच्या गतीने चालावं, ही गोष्ट तिथे रीतीतच बसवलेली आहे. शिवाय मुलं, म्हातारे, पाहुणे सगळे एकत्र बसून तेच ऐकतात. इयत्ता म्हणून काही नाही.

विणकामही तिथे असंच मोठ्यांबरोबर बसून शिकलं जातं. लोंबोकवरच्या सुकारारा, सादे या गावांत मुली आई-आजीच्या मागाशेजारी बसून विणायला शिकतात. विणता आल्याशिवाय लग्न नाही, असा तिथला जुना दंडक.

आणि शिकताना झालेली चूक कशी सुधारायची? सासाक लोकांची एक म्हण आहे: पाणी नितळ राहावं, कमळ शाबूत राहावं आणि मासाही हाती यावा. तंटा सोडवताना ती सांगतात. मला ती प्रत्येक शिक्षकाला सांगावीशी वाटते. चूक दाखवावी, पण मुलाची मान खाली जाऊ नये.

इंडोनेशियाने 1994च्या अभ्यासक्रमात स्थानिक विषयांना जागा दिली, हे चांगलंच झालं. पण म्हणी पाठ करून परीक्षेत उतरवल्या, तर या विद्येतलं हाती काय लागणार? लोंबोकवरच्या माताराम शहरातल्या संग्रहालयात ताडपत्रं जपून ठेवली आहेत. त्यांचा अर्थ लावणारा माणूस तयार व्हायला मात्र लिपी, जुनी भाषा, वृत्तं असं सगळं शिकावं लागतं, आणि त्याला वर्षं जातात. अशा पुजांग्गाला शाळेने मानधन देऊन बोलवावं, आणि त्याच्याशेजारी गायला वर्गातलाच एखादा मुलगा किंवा मुलगी बसवावी.