पोरींना थांबायला जागा कुठाय?

(डोंगरकडा येथे महिला मेळाव्यात केलेले भाषण)

मैत्रिणींनो, मावश्यांनो, आणि मागं दाराशी उभ्या असलेल्या पोरींनो, पुढं या. सतरंजीवर जागा आहे.

गेल्या महिन्यात मी इथल्या आठवी ते बारावीच्या मुलामुलींना वेगवेगळं बसवलं आणि आपापल्या गावाचा नकाशा काढायला सांगितला. मुलांच्या नकाशात पार होता, पानटपरी होती, स्टँड, क्रिकेटची जागा, पोहायची विहीर. मुलींच्या नकाशात घर, शाळा, नळ, किराणा दुकान आणि देऊळ. एकीनं तर नुसता रस्ता काढला होता. एक बाण जायचा, एक बाण यायचा. मी विचारलं, "यात थांबायची जागा कुठली गं?" ती म्हणाली, "थांबलं की लोक विचारतात ना ताई, कशाला थांबली म्हणून."

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईत अभ्यास करून २०११ साली हीच गोष्ट पुस्तकात मांडली. बाई रस्त्यावर दिसली की तिच्याजवळ काही तरी काम दिसावं लागतं. हातात पिशवी, फाईल, नाही तर कडेवर लेकरू. पुरुष नुसता उभा राहू शकतो. मुंबई काय आणि डोंगरकडा काय! आपण संघटनेतल्या बायासुद्धा मुलींचा विषय निघाला की फक्त सुरक्षिततेचं बोलतो. सुरक्षिततेवर घरोघरी एकच औषध ठरलेलं असतं, पोरीला आत ठेवा. मला ते बोलणं आता पुरेसं वाटत नाही.

ऑस्ट्रियात व्हिएन्ना नावाचं शहर आहे. तिथं १९९० नंतरच्या वर्षांत पाहणी झाली, तेव्हा दिसलं की नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागेतून दिसेनाशा होतात. बागेत एकच मोठं मैदान, ते मुलगे धरून बसायचे. १९९९ मध्ये दोन बागा नव्यानं आखल्या. मैदानाचे लहान भाग केले, वाटा मोकळ्या केल्या, दिवे लावले, घोळका करून बसायच्या जागा केल्या. मुली परत आल्या. मुलींना खेळायचंच नसतं, असं आपण किती सहज म्हणतो!

आता आपलं बघा. महाराष्ट्रानं १९९४ साली महिला धोरण आणलं, सरकारी नोकऱ्यांत स्त्रियांना ३० टक्के जागा आल्या. पोलीस भरतीत मुलीला ८०० मीटर पळावं लागतं, चार किलोचा गोळा फेकावा लागतो. आपल्या भागातल्या पोरी पळतात कुठं? पहाटे नांदेड-हिंगोली रस्त्याच्या कडेनं, ट्रकच्या उजेडात, मागं भाऊ मोटारसायकलवर. ज्या घरात भाऊ रिकामा नाही, त्या घरची पोर पळत नाही. राखीव जागा तिथंच संपली.

गावोगाव ती लोखंडी व्यायामाची यंत्रं बसवतात, रस्त्याकडे तोंड करून. ओढणी सावरत त्यावर कोण बसणार? बसवताना एका तरी मुलीला विचारलं असतं!

पण विचारणार कुठं? ग्रामसभेत मत मतदाराला, म्हणजे अठरा पूर्ण झाल्यावर. तेव्हा चौदा वर्षांच्या पोरीचं म्हणणं तिच्या आईला मांडावं लागेल. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी, असा कायदाच आहे. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी असतात. एका गावात, नाव सांगत नाही, या सभेचं रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरताना मी पाहिलंय. सभा झालीच नव्हती. सही करण्याआधी, सभा कुठं भरली, एवढं तरी विचारा.

मागायचं काय, ते पोरींनीच लिहून दिलंय. मैदानावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास आमचा. तिथवरच्या वाटेवर दिवा. आतून कडी लागेल असं आणि पाणी असलेलं संडास. समोरासमोर बसता येईल असा ओटा, सावलीत. अभ्यासिकेत मुलींसाठी वेळ.

ओट्याचं वाचलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "असा कट्टा करून दिला तर टवाळी वाढंल." मावशी, टवाळी होते म्हणून मुलांचा पार कुणी उखडला का? पोरीला भेटायला जागा नसते तेव्हा ती भेटत नाही असं नाही, चोरून भेटते. आणि मग तिचं शिक्षण बंद करून लग्न उरकायला ते निमित्त पुरतं. हे तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

नकाशे मागच्या भिंतीवर लावलेत. उठून बघा, मग बोलू. बाण काढणारी पोर कुठंय? तू ये आधी, तुझा नकाशा तूच सांग.