जात आंब्याची आणि जात माणसाची

(मालवण तालुक्यांतील शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें भाषण)



'जात' हा शब्द आपण आंब्यालाही लावतों आणि माणसालाही लावतों. शब्द एक, म्हणून गोष्टही एकच, असें आपल्या वाडवडिलांस सांगण्यांत आलें व त्या भोळ्यांनीं तें खरें मानलें. आज तें तपासून पाहूं.

रूपावरून कुळ ठरत नाहीं, हें मासळीबाजारांतच दिसतें. हलवा अंगानें पापलेटासारखा चपटा, म्हणून कोणी त्यास काळें पापलेट म्हणतात. पण शास्त्राप्रमाणें तो त्या कुळांतला नव्हेच. उलट वीतभर बांगडा आणि लांबलचक सुरमई हीं एका कुळांतलीं. परसांतला आंबा, काजू आणि परटाच्या खुणेचा बिब्बा हींही तशींच एका घरचीं. तिघांच्याही चिकानें अंग उततें, ही त्या नात्याची एक खूण.

आतां बीजाची गोष्ट. 'खाण तशी माती' ही म्हण जन्माची बढाई मारणाऱ्यांच्या तोंडून आपण फार ऐकली. त्यांनीं देवगडच्या हापूसला विचारावें. हापूसची निवडक कोय पुरली तरी तिच्यांतून हापूस येत नाहीं. येतो तो रायवळ, कधीं गोड, कधीं आंबट. कारण कोय एकट्या आईची नव्हे. मोहोरावर माश्या बसतात, त्या ज्या झाडाचा पराग आणतील तें झाड तिचा बाप. हापूसही मुळांत अशाच कोठल्याशा कोयीपासून उगवलेला. पोर्तुगीजांच्या अमदानींत कलमें बांधून तो राखला गेला. आज जेवढे हापूस आहेत ते फांदीवरून फांदी करीत वाढविलेले, आणि कोयकलम बांधतांना खालचें मूळ असतें तें दुसऱ्याच आंब्याच्या कोयीचें. (कोयीचीं रोपें कोणी हापूस म्हणून विकूं लागला तर पैसे कनवटीलाच ठेवा. सांधा पाहिल्याशिवाय कलम घेऊं नका.)

या हापूसच्या फळांत साका पडतो, हें बागाईतदारांचें जुनें दुखणें. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानें नीलम व हापूस यांचा संकर करून १९८१ सालीं 'रत्ना' काढला, त्यांत साका होत नाहीं. सोवळें पाळून जो दोष गेला नाहीं तो मिसळण्यानें गेला!

हें कसें घडतें याचा नियम शोधणारा मेंडेल हा शेतकऱ्याचा मुलगा. ब्र्यून शहरांतील मठाच्या बागेंत त्यानें वाटाणे पेरले. गोल दाण्याचा व सुरकुतलेल्या दाण्याचा संकर केला, तेव्हां पहिल्या पिढींत सारे दाणे गोल. तेच पेरले, तों पुढें ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले, म्हणजे सुमारें तिनास एक. सुरकुती मेली नव्हती. ती मुलांत लपली व नातवांत वर आली. हें त्यानें १८६५ सालीं विद्वानांच्या सभेंत वाचलें. १९०० सालापर्यंत त्याची फारशी कोणीं दादच घेतली नाहीं.

माणसाच्या रक्तालाही हाच नियम. १९०१ सालीं लँडस्टायनर यानें रक्ताचे गट दाखवून दिले. आई 'ए' गटाची, बाप 'बी' गटाचा, तरी मूल 'ओ' गटाचें निघूं शकतें. अशा मुलाला जन्मदात्या आईचें रक्त देतां येत नाहीं. परक्या जातीच्या 'ओ' गटाच्या माणसाचें, बाकीची जुळणी झाली तर, देतां येतें. दवाखान्यांत गट विचारतात, गोत्र विचारीत नाहींत. आणि गाबीत, भंडारी, मराठा, बौद्ध, ब्राह्मण यांपैकीं कोणत्याही दोघांचें लग्न लावा, संसार फुलतो व नातवंडें खेळतात. मग वेगळी जात उरली कोठें?

कोणी म्हणेल, हातची कला तरी रक्तांतून येते ना? मेहनतीनें हाताला पडलेले घट्टे मुलाच्या हाताला येत नाहींत, तशी कलाही येत नाहीं. सावंतवाडीच्या चिताऱ्यांचें लाखकाम पाहा. चिताऱ्याचें मूल बापाजवळ बसून रंग चढवावयास शिकतें. तेंच मूल लहानपणीं मुंबईस नेऊन ठेवलें तर त्याला लाख कशी तापवावी हेंही ठाऊक नसतें. आणि त्या जागीं कुळवाड्याचें पोर नेऊन बसवा, चार वर्षांत तें लाकडी केळें असें रंगवील कीं गिऱ्हाईक सोलावयास जाईल.